मदत हवी आहे: कोंबड्याला देवी आल्या आहेत, डोळा उघडत नाही आणि त्याला दाणे टिपता येत नाहीत

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील एका गावात राहते. घरी एक गावठी कोंबडा आणि सहा कोंबड्या आहेत, त्याही घरच्या अंड्यांपुरत्या. कोंबडा दीड वर्षाचा असून गेले अकरा दिवस आजारी आहे.

सुरुवातीला त्याच्या तुऱ्यावर आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीवर मोहरीएवढे पांढुरके फोड दिसले. आदल्याच आठवड्यात शेजारच्या कोंबड्याशी त्याची जोरदार झुंज झाली होती, त्यामुळे त्या चोचीच्या जखमा असाव्यात असे समजून मी चार दिवस हळद आणि खोबरेल तेलावर भागवले. पुढे फोडांवर चामखिळीसारख्या काळपट खपल्या धरल्या. त्यातली एक मी नखाने उचकटली, तेव्हा खालून इतके रक्त आले की पुन्हा हात लावण्याचे धाडस झाले नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना फोनवर छायाचित्रे पाठवली. ही कोंबड्यांची देवी आहे, ती विषाणूमुळे होते व बहुतेक वेळा डासांमार्फत पसरते, तिच्यावर थेट औषध नाही आणि तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळतात, असे त्यांनी सांगितले. मान वाकडी होत नाही, पाय लुळे पडलेले नाहीत आणि बाकीच्या कोंबड्या ठणठणीत आहेत, म्हणून मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) वाटत नाही, असेही ते म्हणाले. सध्या ते लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाच्या फेरीवर असल्याने सोमवारी येणार आहेत आणि आज गुरुवार आहे.

माझी खरी अडचण या चार दिवसांची आहे. उजवा डोळा खपलीने पूर्ण मिटला आहे आणि डावा अर्धाच उघडतो. त्याला भूक आहे, पण तांदूळ टाकले की तो दाण्याच्या बोटभर अलीकडे चोच मारतो, दोन-तीनदा फरशी टोचतो आणि मान आत ओढून उभा राहतो. स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन आठवड्यात 2 किलो 100 ग्रॅमवरून 1 किलो 750 ग्रॅमवर आले आहे. गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्री चाचपली तरी रिकामीच लागते, विष्ठा हिरवट पातळ होते. काल पिचकारीने पाणी पाजायला गेले तर तो ठसकला. शिवाय आज सकाळी चोच उघडून पाहिली, तेव्हा जिभेच्या कडेला तांदळाएवढा पिवळट थर दिसला, जो डॉक्टरांना पाठवलेल्या छायाचित्रांत नव्हता.

त्याला सुरक्षितपणे भरवावे कसे, मिटलेला डोळा सोडवावा का, आणि तोंडातील थरामुळे सोमवारपर्यंत थांबणे धोक्याचे ठरेल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. कोंबड्यांना आता लस देऊन उपयोग होईल का, हेही विचारायचे आहे. सासूबाईंनी ‘देवी’ हा शब्द ऐकल्यापासून नातीला अंगणात सोडलेले नाही, तर शाळेतून ‘चिकनपॉक्स’ हा शब्द शिकून आलेली नात तो आजार आपल्या कोंबड्यामुळेच होतो असे धरून बसली आहे. ‘कापून टाका’ हा सल्ला शेजाऱ्यांकडून मिळाला आहे, तो कृपया पुन्हा देऊ नये.

प्रतिसाद:

ताई, आधी थराचे पाहा. तो सुटा आणि छोटा असेल, श्वास घेताना आवाज येत नसेल, तर खरवडू नका. मात्र कोंबडा चोच उघडी ठेवून मान ताणून श्वास घेऊ लागला, तर सोमवारची वाट न पाहता 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा किंवा त्याला टोपलीत घालून दवाखान्यात न्या, कारण हा थर श्वासनलिकेच्या तोंडाशी वाढला की पक्षी गुदमरतो.

पिचकारी बंद करा. कोंबड्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, म्हणून ओतलेले पाणी फुप्फुसात जाण्याची भीती असते. चोचीचे टोक वाटीतल्या पाण्याला लावा, तो स्वतः पितो. मऊ भात किंवा नाचणीचे घट्ट आंबील करून हरभऱ्याएवढे घास चोचीत ठेवा, थोडे-थोडे, दिवसातून चार-पाच वेळा. डोळ्यावर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याचा बोळा पाच मिनिटे धरा. खपली भिजून सुटली तर सुटू द्या, ओढू नका. गळलेल्या खपल्या जाळून टाका, कारण वाळलेल्या खपलीत हा विषाणू कित्येक महिने टिकतो.

निरोगी कोंबड्यांना लस देता येते. ती पंखाच्या पातळ कातडीत टोचतात आणि प्रतिकारशक्ती यायला साधारण दोन आठवडे लागतात. अडचण एवढीच की कुपी शंभराहून अधिक पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर थोड्याच वेळात वापरावी लागते, त्यामुळे वाडीतल्या कोंबड्या एकत्र करून डॉक्टरांना बोलवा. तोवर खुराड्याला मच्छरदाणी लावा, पण कडुलिंबाची धुरी नको, आजारी पक्ष्याला धूर सोसत नाही. हा विषाणू माणसाला बाधत नाही आणि कांजिण्यांचा विषाणू अगदी वेगळ्या कुळातला आहे, त्यामुळे नातीला अंगणात सोडा, फक्त खपल्यांना हात लावू देऊ नका.

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार. दोनदा बोळा धरल्यावर डावा डोळा पूर्ण उघडला आणि त्याने नाचणीचे अकरा घास घेतले. श्वासाचा आवाज नाही. वाडीत एकूण 74 कोंबड्या भरल्या, तशी कल्पना डॉक्टरांना दिली आहे.