फॉगिंगची गाडी आली की डेंग्यू जातो म्हणे!

रिंगरोडपल्याड: काल इथे एकाने लिहिलं, "लेआऊटमध्ये घरोघरी डेंग्यू, फॉगिंगची गाडी एकदाही फिरकली नाही, नगरपंचायतीचा कर भरू नका." खाली टाळ्याच टाळ्या. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, चावतो दिवसा आणि आपल्याला गाडी हवी रात्री, जेवणं झाल्यावर!

खरं दुखणं वेगळंच आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पण दवाखान्याच्या हिशेबात आपण अजून खेडंच. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, नाल्या नगरपंचायतीच्या, लेआऊटची मंजुरी एनएमआरडीएची, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. ३० हजार लोकांमागे एक केंद्र, ५ हजारांमागे एक उपकेंद्र. आणि लोक मोजलेले २०११ चे! तेव्हा इथे तूर उभी होती. शहरी आरोग्य अभियानात जायचं तर वस्ती ५० हजारांवर लागते, तीही कागदावर. कायमचा स्वच्छता निरीक्षक मागा, केंद्रात माणसं मागा. धूर काय मागता?

तर्री_जास्त: भाऊ, लेक्चर मस्त. माह्या पोरीच्या प्लेटलेट २८ हजारावर आल्या होत्या, तेव्हा डास दिवसा चावला का राती, हे विचारत नाही बसलो मी. रातभर ऑटोत फिरलो. एका खाजगी दवाखान्यानं आधी डिपॉझिट भरा म्हटलं. तिकडे नागपूर शहरात महालात गाडी फिरते, सक्करदऱ्यात फिरते, मंग आमच्याकडे काऊन नाही? कर तर आम्ही पण भरून राहिलो न!

निवृत्त_आरोग्यसेविका: मुलगी बरी झाली ना दादा? पण मी घरोघरी पाण्याची भांडी तपासत फिरले आहे, म्हणून सांगते. जुन्या वस्तीत बायका चहा देत. तुमच्या गेटवाल्या सोसायट्यांत "सेक्रेटरीची परवानगी आणा" म्हणत. कूलर उघडून दाखवा म्हटलं की तोंडावर दार. पाणी ओतून दिलं की झालं, असं नसतं. अंडी टाकीच्या कडेला चिकटतात, कोरडी महिनोन् महिने टिकतात. ब्रशने घासावी लागतात. खस काढली का कोणी यंदा?

खिडकीतला_कूलर: आता कूलरवर आल्या! मे महिन्यात ४५ अंशात झोपून दाखवा ताई.

निवृत्त_आरोग्यसेविका: मे महिन्याचं कोण बोलतंय? गणपती उठले तरी तुमचा कूलर स्टँडवर पाणी धरून असतो.

खिडकीतला_कूलर: उतरवायला दोन माणसं लागतात. आणि आमच्या बाजूचा रिकामा प्लॉट दिसत नाही का? मालक पुण्यात, भाव वाढायची वाट पाहतोय. पावसाळाभर त्यात म्हशी डुंबतात.

पुण्यातला_नागपूरकर: तो प्लॉट माझा असावा. दोनदा मुरूम टाकला, दोनदा चोरीला गेला. कोणाच्या अंगणात पसरलाय ते सांगू का सगळ्यांसमोर?

खिडकीतला_कूलर: सांगाच! आहे का हिंमत?

तर्री_जास्त: घ्या! लेकरं तापानं फणफणून राहिली अन् हे मुरूम मोजून राहिले.

निवृत्त_आरोग्यसेविका: त्या घाण डबक्यात क्युलेक्स होतो, हत्तीपायाचा. डेंग्यूवाल्याला स्वच्छ पाणी आवडतं, म्हणजे तुमच्याच घरातलं. पण म्हणून प्लॉटवाले सुटले असं नाही.

रिंगरोडपल्याड: एक राहिलंच. खाजगी लॅबची कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी सरकारी आकड्यात ती पक्की धरत नाहीत, एलायझा ही रक्ताची पक्की तपासणी लागते. तिचे नमुने आपल्याकडून जातच नाहीत. मग कागदावर लेआऊट ठणठणीत आणि आपण इथे बोंबलतोय. म्हणून अर्ज दोन करू. एक नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना.

खिडकीतला_कूलर: एक दुसऱ्याकडे पाठवेल, दुसरा पहिल्याकडे.

रिंगरोडपल्याड: म्हणूनच दोन्हींवर आवक क्रमांक घ्यायचा, त्याच दिवशी.

तर्री_जास्त: बरं बावा, करतो सही. तुमचा निरीक्षक पण लिहा, एलायझा पण लिहा. पण वरती पहिल्या नंबरवर फॉगिंग पाहिजे. नसन तर घरी येऊच नका कागद घेऊन.

रिंगरोडपल्याड: तिसऱ्या नंबरवर टाकतो.

तर्री_जास्त: दुसऱ्या.