शब्दचर्चा: 'सक्तीचे शिक्षण' – सक्ती नेमकी कोणावर?

अजिंक्यतारा:
सातारा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर रंगवायचा मजकूर तपासायचा आहे. 'मोफत व सक्तीचे शिक्षण, प्रत्येक बालकाचा हक्क' असे ठरले होते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आक्षेप निघाला की हक्क असेल तर सक्ती कशी, आणि सक्ती असेल तर तो हक्क कसला? 'सक्तीचे' काढून 'अनिवार्य' किंवा 'बंधनकारक' घालावे असे दोन पर्याय आलेत. जाणकारांचे मत हवे.

कृष्णाकाठ:
आधी शब्दाचे कूळ पाहू. 'सक्ती' आली फारसी 'सख्ती'वरून. 'शक्ती'शी तिचे नाते नाही. 'आसक्ती'शीही नाही, ती संस्कृत 'सञ्ज्' म्हणजे चिकटणे या धातूची. सक्तमजुरी आणि सक्त ताकीद यांतला 'सक्त' मात्र तिचा सख्खा भाऊ. मूळ अर्थ कठीणपणा, कडकपणा. मराठीत त्याला जबरदस्तीचा रंग चढला: सक्तीची वसुली, सक्तीची रजा, सक्तीची निवृत्ती. सभेतल्या मंडळींना शब्द टोचला तो याच संगतीमुळे.

खरी गोम व्याकरणात आहे. 'सक्ती करणे' या क्रियेला दोन माणसे लागतात, एक करणारा आणि दुसरा ज्याच्यावर ती होते तो. 'सावकाराने कुळावर सक्ती केली' यात दोघेही दिसतात. 'सक्तीचे' असे विशेषण केले की दोघेही गायब. मग वाचणारा आपल्या मनाने जागा भरतो, आणि शाळेच्या बाबतीत हमखास 'मुलावर' किंवा 'आईबापावर' अशीच भरतो.

'अनिवार्य' म्हणजे ज्याचे निवारण करता येत नाही ते. तिथेही कोणासाठी हे उघड होत नाही, शिवाय मराठी कानाला तो हिंदी पाटीसारखा लागतो. 'बंधनकारक' त्यातल्या त्यात बरा. तो आला की 'कोणावर?' हा प्रश्न आपोआप येतो.

फडताळ:
कृष्णाकाठ यांनी दाखवलेली रिकामी जागा इतिहासात दोन वेगवेगळ्या माणसांनी भरली आहे. म्हणून शब्द जुनाच असला तरी अर्थ पालटला आहे.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी (मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण) हंटर आयोगापुढे, म्हणजे सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, निवेदन दिले. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी. त्यामागे हिशेब होता. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड (स्थानिक कामांसाठीचा जादा कर) घेतला जाई आणि त्याचा एक तृतीयांश शिक्षणासाठी होता. पैसा कुणब्याचा, शाळा मात्र त्याच्या पोराच्या वाट्याला नाही. म्हणजे फुल्यांच्या 'सक्ती'त सरकारची जबाबदारी आधीच गृहीत होती.

पुढच्या कायद्यांत मात्र सक्ती पालकावर गेली. बडोद्याला सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरुवात केली आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला ती लागू केली. करवीरला (कोल्हापूर संस्थानात) शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा केला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. लक्षात घ्या, हा कायदा सातारा जिल्ह्याला लागू नव्हता. १८४८ मध्ये राज्य खालसा झाल्यापासून सातारा मुंबई इलाख्यात होता, तर सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने. सातारा आणि सांगली या आजच्या दोन जिल्ह्यांत तेव्हा एकच कायदा नव्हता.

ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेही फक्त परवानगीवजा. ज्या स्थानिक संस्थेला हवे तिने सरकारची संमती घेऊन सक्ती लावावी. १९१२ मध्ये ते पडले. मग मुंबई इलाख्यात १९१८ चा कायदा नगरपालिकांसाठी आणि १९२३ चा लोकल बोर्डांसकट (ग्रामीण भागातल्या स्थानिक संस्था) सगळ्यांसाठी. अडचण एकच होती: सक्ती लावायची तर आधी खोल्या आणि मास्तर पुरवायचे, आणि बोर्डाच्या तिजोरीत खडखडाट. मग कागदावर 'सक्तीचे', गावात 'जमेल त्याचे'. १९४७ च्या कायद्यातही गैरहजर मुलाच्या पालकाला हजेरीचा हुकूम काढायची तरतूद होती.

उलटा अर्थ आला तो २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात (अंमल १ एप्रिल २०१० पासून). कलम ८ च्या स्पष्टीकरणात 'सक्तीचे शिक्षण' याची व्याख्याच दिली आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षण देणे, आणि त्याचा प्रवेश, उपस्थिती व पूर्तता यांची निश्चिती करणे हे शासनाचे बंधन. पालकाचे कर्तव्य कलम १० मध्ये आहे, पण या कायद्यात त्याला दंड नाही. थोडक्यात, सभेतला आक्षेप १९१७ च्या अर्थाला लागू पडतो, २००९ च्या अर्थाला नाही.

वाईकर:
सक्तीचा उलट शब्दही याच जिल्ह्यात वापरात होता: 'व्हॉलंटरी शाळा'. बोर्डाची शाळा नसलेल्या वाडीवर गावकऱ्यांनी देवळात किंवा चावडीत जागा द्यायची आणि रयत शिक्षण संस्थेने शिक्षक द्यायचा. संस्था १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात आली. संस्थापक भाऊराव पाटलांनी त्याआधी दुधगावात (आता सांगली जिल्हा) वसतिगृहाचा प्रयोग केलेला होता. व्हॉलंटरी शाळांना मास्तर आणायचे कुठून, हा पेच सुटावा म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज निघाले. आधी शिक्षक घडवायचे आणि मग शाळा वाढवायच्या, हा क्रम बोर्डांना जमला नव्हता.

'मोफत'बद्दल कुणी बोलले नाही म्हणून सांगतो. जुन्या कागदांत 'नादारी' भेटेल. फारसी 'नादार' म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तो. गरीब म्हणून फी माफ झाली की 'नादारी मिळाली', निम्मी झाली तर 'अर्धी नादारी'. त्यासाठी आपण गरीब आहोत असे अर्जात लिहून द्यावे लागे. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) फी सवलत आली आणि तो शब्द मागे पडला, पण उत्पन्नाचा दाखला जोडणे चालूच राहिले. 'मोफत'मध्ये अर्जच नाही. माझ्या मते फलकावरचा भारी शब्द तोच आहे, लोक उगाच 'सक्ती'वर अडलेत.

माणदेशी:
फडताळ यांचे म्हणणे मान्य, पण 'प्रवेश, उपस्थिती, पूर्तता' या तिन्हींत मधला शब्द सगळ्यात कच्चा राहतो. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतून बरीच कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि बीडकडच्या टोळ्या कृष्णाकाठच्या फडांवर येतात. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. पहिल्या सत्राचा शेवट आणि जवळजवळ सगळे दुसरे सत्र त्यात जाते.

इथे शब्दांचा बारकावा कामाचा आहे. 'पटावर असणे' आणि 'शाळेत असणे' या दोन गोष्टी. पटावर नाव नसलेले मूल शाळाबाह्य हे कुणालाही कळते. पण नाव असूनही सलग महिनाभर न आलेले मूलसुद्धा शाळाबाह्यच धरतात. मुख्याध्यापक ते नाव पटावरून चटकन कमी करत नाहीत, कारण शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती पदे द्यायची हे, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक हा हिशेब असल्याने दोन-चार नावांनी एक पद जाऊ शकते. याच ताणातून फुगलेले पट शोधायला ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली होती. शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण ४ जुलै २०१५ ला झाले. जुलैत तोडणी कामगार घरी असतात, मूल वर्गात दिसते, आणि दिवाळीनंतर गायब होते. तारीख चुकली की मोजणी चुकते.

उपाय तीन, आणि तिन्ही शब्द लक्षात ठेवण्याजोगे. 'साखरशाळा' म्हणजे कारखान्याच्या तळावर हंगामापुरती चालणारी शाळा. 'हंगामी वसतिगृह' म्हणजे मूल गावातच ठेवून आईबापांनी जायचे. आणि 'शिक्षण हमी पत्रक'. हे मूळ शाळेने मुलाबरोबर द्यायचे, ते पाहून तळाजवळच्या शाळेने बसवून घ्यायचे आणि परत जाताना प्रगतीची नोंद करून द्यायची. बिघडते ते पहिल्याच पायरीवर. टोळी मुकादमाच्या निरोपावर रातोरात निघते आणि पत्रक शाळेच्या कपाटात राहते. सप्टेंबरअखेर पत्रके भरून पालकांच्या हातात दिली तर निम्मे काम होते.

कृष्णाकाठ:
माणदेशी, एक जोड. तळाजवळची शाळा 'दाखला आणा' म्हणून परत पाठवते, ते कायद्यात बसत नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम ५), जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही (कलम १४). आणि वयानुसार वर्ग द्यायचा (कलम ४). यातली गंमत अशी की 'इयत्ता' हा शब्द संस्कृत 'इयत्' म्हणजे 'एवढे' यापासून झाला. इयत्ता म्हणजे 'एवढेपणा', किती आले त्याचे माप. कायद्याने ते माप वयाला लावले आणि राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायला सांगितला. ते प्रशिक्षण नुसते कागदावर झाले तर दहा वर्षांचे मूल पाचवीत बसते आणि जोडाक्षराला अडते.

अजिंक्यतारा:
सर्वांचे आभार. आता असा मजकूर करतो:

'६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत दाखल करून घेणे, ते रोज येते का हे पाहणे आणि आठवीपर्यंत मोफत शिकवणे शासन व जिल्हा परिषदेवर बंधनकारक आहे.'

फडताळ:
अर्थ बरोबर बसला. दोन दुरुस्त्या. 'मुलाला'च्या जागी 'मुलामुलीला' करा आणि मग 'ते रोज येते का'ऐवजी 'रोजची हजेरी पाहणे' म्हणा, लिंगाची अडचण मिटेल. शिवाय 'शासन व' असे तुटक ठेवू नका, 'शासनावर व जिल्हा परिषदेवर' असे दोन्हीकडे लिहा.

वाईकर:
आणि खाली लहान अक्षरांत 'दाखला नसला तरी प्रवेश मिळेल' एवढी ओळ घाला. तळावरून येणारा माणूस तीच वाचेल. रंगाऱ्याला मजकूर फोनवर सांगू नका, कागदावर लिहून द्या, नाहीतर 'जिल्हा परिषदेवर'चे 'जिल्हा परिषदेने' होईल आणि सगळी चर्चा पुन्हा पहिल्यापासून.