केदारकंठासाठी डाऊन जॅकेट कोणतं घ्यावं?

राजारामपुरीतून प्रश्न: डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठाचा बर्फातला ट्रेक करायचाय, सॅक स्वतःच्याच पाठीवर. बायकांच्या मापाचं डाऊन (म्हणजे आत मऊ पिसं भरलेलं) जॅकेट घेताना काय बघू?

उत्तर: ताई, नुसतं '७०० फिल पॉवर' वाचून घेऊ नका. तो आकडा पिसं किती फुगतात ते सांगतो. ऊब ठरते आत किती ग्रॅम पिसं आहेत त्यावरही. मुक्कामावरच्या थंडीला १२० ते १५० ग्रॅम तरी हवीत, टोपीसकट. आत फ्लीस (मऊ, उबदार जाड शर्टासारखा थर) घालूनच माप बघा. छातीला, कमरेखाली घट्ट बसलं की पिसं दबतात, ऊब गेलीच. हात वर केल्यावर कंबर उघडी पडता कामा नये.

आणखी एक: चढताना घालू नका, घामानं पिसांचे गोळे होतात. थांबलात की लगेच अंगात.

शेवटचं: आपल्या पावसाळ्यात पिशवीत दाबून ठेवलंत तर कुबट वास धरतं. पूर्ण वाळवून हँगरला टांगा.