वेकबोर्ड बोटीच्या टॉवरवर दिवे: कुठे अडलं, काय जळलं ते लिहा

मंडळी, नुकतेच आमच्या बोटीच्या टॉवरवर दोन एलईडी दिवे चढवले. क्लॅम्प आवळायला पाऊण तास लागला आणि वायर डॅशबोर्डापर्यंत आणायला दोन शनिवार-रविवार. दिव्यासोबत आलेल्या कागदावर या दुसऱ्या कामाबद्दल एकच ओळ होती: "वायर स्विचला जोडा." त्या एका ओळीवर राग काढायला हा धागा.

ज्यांनी वेकबोर्डचा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: बोटीमागे दोरी धरून फळीवर उभं राहायचं, बोट ओढत नेते. दोरी उंचावरून ओढली तर उड्या चांगल्या बसतात, म्हणून बोटीवर जाड पाइपांची कमान असते. तोच टॉवर. उंच जागा आयती मिळाली की माणूस तिथे स्पीकर, फळ्यांचे रॅक आणि दिवे टांगतोच.

माझा किस्सा असा. टॉवरचा पाय पोकळ, पण त्याला दोन वळणं आणि आत वेल्डिंगचा ओघळ. वायर ओढायची पोलादी पट्टी दर वेळी त्या ओघळाला जाऊन थटायची. पट्टी वाकवून पाहिली, तेल लावून पाहिलं, शेवटी शिव्या घालून पाहिल्या. मग बायको म्हणाली, "व्हॅक्यूम क्लीनर लाव ना." बारीक दोऱ्याच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा बांधून वरच्या भोकात सोडला, खालच्या भोकाला व्हॅक्यूमची नळी लावली, मधल्या फटी हाताने दाबून धरल्या. चार सेकंदांत दोरा खाली. दोऱ्याला सुतळी, सुतळीला वायर. काम फत्ते, आणि श्रेय कोणाचं यावर घरात अजून वाद आहे.

भोकं पाडली तिथे कडा कानशीने घासून रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणाऱ्या रिंगा) बसवले. ते विसरू नका. कापलेली अॅल्युमिनियमची कड सुरीसारखी असते आणि बोट दिवसभर हादरत असते.

आता तुम्ही लिहा. कोणता दिवा भारी यावर चर्चा नको, त्याला अंत नाही.

———

व्हॅक्यूमची युक्ती आवडली. आमच्या टॉवरला वरून फटी फार, हवाच धरेना. दोऱ्याला लोखंडी नट बांधून आत सोडला आणि बाहेरून ताकदीचं लोहचुंबक फिरवत खाली आणला. टॉवर अॅल्युमिनियमचा असल्यामुळे चुंबक पाइपला चिकटत नाही, फक्त आतल्या नटाला ओढतं. वळणावर मात्र सावकाश. नट एकदा सुटला की परत पकडायला जीव जातो.

———

माझा अनुभव जुना, हॅलोजनच्या काळातला, पण गणित आजही लागू पडतं.

५५ वॅटचे चार दिवे. एकूण २२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण १८ अँपिअर. घरात १.५ चौरस मिमीची वायर पडली होती, तीच ओढली. बॅटरीपासून टॉवरच्या माथ्यापर्यंत ५ मीटर. दिवे लागले, पण पिवळे, आजारी. दिवेच खराब म्हणून परत करायला निघालो होतो.

शेजारच्या धक्क्यावरचे एक काका मल्टिमीटर घेऊन आले. बॅटरीवर आकडा ठीक, दिव्याच्या टोकाशी जवळपास २ व्होल्ट कमी. मी म्हटलं, ५ मीटरमध्ये एवढं? काका म्हणाले, "५ नाही, १०. करंट जातो तसा परतही येतो." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दिव्यांत नाही.

तांब्याचा हिशेब सोपा आहे: जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले ०.०१७५, भागिले वायरचा छेद चौरस मिमीमध्ये. आला तो रोध. त्याला करंटने गुणलं की किती व्होल्ट वाटेत खाल्ले ते कळतं. समजा करंट १० अँपिअर आणि जाऊन-येऊन १२ मीटर. २.५च्या वायरीत ०.८४ व्होल्ट जातात, ४च्या वायरीत ०.५२, ६च्या वायरीत ०.३५. बोटींच्या वायरिंगच्या नियमांत नेव्हिगेशन दिव्यांसारख्या (रात्री बोट इतरांना दिसावी म्हणून लावायचे दिवे) महत्त्वाच्या गोष्टींना ३ टक्के आणि बाकीच्यांना १० टक्क्यांपर्यंत घट चालते. टॉवरचे दिवे दुसऱ्या गटात येतात, तरी मी ३ टक्केच धरतो. माझा हट्ट समजा.

आता एलईडी आहेत, १८ वॅटचे चार, मिळून ६ अँपिअर. जुन्या वायरीवरही चालले असते. पण ती बाहेर काढली तेव्हा टोकापासून वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलं होतं. बोटीवर कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची वायरच घ्या. साधी तांब्याची वायर पाणी शोषते आणि आतून सडते, वरचं प्लॅस्टिक नवंकोरं दिसत राहतं.

———

हे गणित प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला लावलंय. वाचनखूणही साठवली.

———

एक कबुलीजबाब. मी टॉवरलाच निगेटिव्ह केलं होतं. मोटारसायकलवर चालतं, मग इथे का नाही, असा विचार. एकच पॉझिटिव्ह वायर ओढली, दिव्याची काळी वायर क्लॅम्पच्या बोल्टला.

लागला की दिवा! आठवडाभर मी स्वतःवर खूश. मग लाट बसली की दिवे मिचमिचायला लागले. टॉवर बिजागरीवर दुमडतो, आणि सगळा करंट त्या बिजागरीच्या बोल्टमधून जात होता. पुढच्या हंगामात बोल्ट उघडला तर भोवती पांढरी भुकटी आणि अॅल्युमिनियमला खड्डे. वायर एक वाचवली आणि बिजागरीचा ब्रॅकेट नवा घ्यावा लागला.

निगेटिव्हची वेगळी वायर ओढा आणि निगेटिव्हच्या बसबारपर्यंत, म्हणजे सगळ्या निगेटिव्ह वायरी एकत्र येतात त्या पट्टीपर्यंत न्या. बोटीवर धातूचा सांगाडा परतीची वाट म्हणून वापरत नाहीत, हे मला नंतर तीन जणांनी तीन वेगवेगळ्या सुरांत सांगितलं.

———

वरच्या प्रतिसादातली पांढरी भुकटी स्टेनलेसच्या बोल्टशेजारीही येते, करंट नसतानाही. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम एकत्र, वर खारं पाणी, की झाली छोटी बॅटरी तयार. मधे नायलॉनचा वॉशर आणि बोल्टाला गंजरोधक पेस्ट लावली की थांबतं.

आणि स्टेनलेसचा लॉकनट मशीनने गरगर आवळू नका. माझा अर्ध्यावर जाम झाला, पुढेही जाईना, मागेही येईना. शेवटी कापला. पेस्ट लावून हाताने, सावकाश.

———

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. एकच गोष्ट सांगायला लॉगिन झालो.

रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, इंजिनाच्या खोलीत लावू नका. लोक लावतात, कारण बॅटरी तिथेच जवळ असते आणि वायर वाचते. साधा गाडीचा रिले बंद-चालू होताना आत ठिणगी पडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, साठून राहते. इंजिन सुरू करायच्या आधी ४ मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवा असं बोटीवर लिहिलेलं असतं ते उगाच नाही. त्या खोलीतला प्रत्येक स्विच, रिले, पंप ठिणगी बाहेर न सोडणारा, त्यासाठी प्रमाणित असावा लागतो. गाडीच्या दुकानातला रिले तसा नसतो. त्याची जागा डॅशबोर्डाखाली, कोरड्यात.

जोडणी: ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून दिव्यांकडे, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, एकाला स्विचची वायर, दुसऱ्याला निगेटिव्ह. कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, त्यामुळे डॅशबोर्डावरच्या नाजूक स्विचवर दिव्यांचा भार येत नाही. दिवे मिळून ३-४ अँपिअरच घेत असतील आणि स्विच तेवढ्याचा असेल तर रिले नकोच. जितके कमी जोड तितकं बरं.

जोड क्रिम्पनेच करा, म्हणजे धातूची नळी वायरीवर दातेरी पकडीने दाबून, वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी श्रिंक नळी. नुसता सोल्डर केलेला जोड हादऱ्यांनी सोल्डर संपतं तिथे तुटतो. वायरीला चिमटा काढून जोडणारे ते निळे-लाल क्लिप मात्र माझ्यासाठी ठेवा, त्यावर माझं घर चालतं.

———

दादा, शेवटच्या वाक्याला साष्टांग.

फ्यूजवरून आमची फजिती. फ्यूज होता, पण स्विचच्या पॅनलजवळ. बॅटरी ते पॅनल ही अडीच-तीन मीटरची वायर उघडी, म्हणजे तिच्यामागे फ्यूजच नाही. ती सीटच्या खोक्याच्या पत्र्यावर घासून घासून सोलली गेली. भावाने फळ्या त्या खोक्यात टाकल्या आणि धूर. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करायला धावलो म्हणून निभावलं. पॅनलवरचा फ्यूज शेवटपर्यंत शाबूत होता, मखरात बसवल्यासारखा.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ७ इंचांच्या, म्हणजे साधारण १८ सेंटिमीटरच्या आत हवा हे नंतर कळलं. तो दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो.

———

दुमडणाऱ्या टॉवरवाल्यांनो, बिजागरीपाशी वायरीला सैल वेढा ठेवा आणि टॉवर पूर्ण पाडून, पूर्ण उभा करून तपासा. आम्ही उभा असतानाच वायर ताणून छान बांधली. ट्रेलरवर चढवताना टॉवर पाडला आणि कच्च. दोन्ही वायरी एका झटक्यात कापल्या गेल्या. आता बिजागरीच्या खाली पाणीरोधक प्लग आहे, आधी तो काढायचा, मग टॉवर पाडायचा. म्हणजे आठवणीत राहिलं तर.

———

मी गेली बारा वर्षं बोट चालवते आणि माझी तक्रार वायरिंगची नाही, दिशेची आहे.

नवरा हौसेने पुढे तोंड असलेली लांब लाइटबार घेऊन आला. पहिल्या रात्री धक्क्याकडे येताना लावली आणि मला पांढऱ्याशुभ्र नाकाडाशिवाय काही दिसेना. टॉवर बोटीच्या मधे, बोटीचा पुढचा भाग पांढरा, काचही मधेच. सगळा प्रकाश डोळ्यांत परत. बंद केली तर आणखी अंधार, कारण डोळे अंधाराला पुन्हा सरावायला २०-३० मिनिटं घेतात. धक्क्यापर्यंतच्या पंधरा मिनिटांत मी जेवढं हळू बोट चालवली तेवढी कधीच चालवली नाही.

दुसरं. आमचा चहूबाजूंनी दिसायला हवा असा पांढरा दिवा टॉवरवरच आहे, आणि लाइटबार बरोबर त्याच्यासमोर आली. म्हणजे समोरून येणाऱ्याला आमचा तांबडा-हिरवा दिसतोय, पांढरा गायब. १९७२च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत स्पष्ट आहे: नेव्हिगेशनच्या दिव्यांशी गल्लत होईल, ते झाकले जातील किंवा पहारा देणाऱ्याला दिसणं कठीण होईल असे दुसरे दिवे लावायचे नाहीत. बार आता खाली सरकवली आहे आणि चालत्या बोटीत पुढचा दिवा लागत नाही. मागचे दोन मात्र कामाचे: दोरी गुंडाळणं, फळ्या चढवणं, पोरं शिडीने वर येतात तेव्हा. तेही खाली झुकवलेले, नाहीतर पाण्यातल्या माणसाच्या थेट डोळ्यांत.

रात्री वेकबोर्ड ओढायला हे दिवे घेत असाल तर आधी तुमच्या पाण्यावरचे नियम बघा. सूर्यास्तानंतर माणूस ओढायला कित्येक ठिकाणी बंदी आहे, दिवे असोत वा नसोत.

———

ताईंशी शंभर टक्के सहमत. माझी भर: दिवे लावून व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरचा संपर्काचा रेडिओ) ऐकून बघा. आमच्या स्वस्त एलईडीने रेडिओवर नुसती खरखर. हलके सिग्नल ऐकूच येईनात. दिवा बंद केला की आवाज स्वच्छ. दिव्याच्या आतला स्विचिंगचा ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, हा त्रास देतो. २०१८ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने याबद्दल इशाराच काढला होता. वायरीवर फेराइटचे, म्हणजे खरखर शोषणारे, मणी लावले, थोडा फरक पडला. शेवटी दिवे बदलले.

———

धागाकर्ता इकडे. ताईंचा प्रतिसाद वाचून काल रात्री बोटीवर जाऊन आलो. आमचाही पांढरा दिवा एका बाजूने झाकला जातोय. बायको "मी म्हटलं होतं" म्हणाली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते छापलेलं होतं. एक दिवा उतरवतोय.

———

सगळ्यांत शेवटी माझं, कारण सांगायला लाज वाटते.

दोन दिवस टॉवरच्या पायातून वायर ओढली. पट्टी, दोरा, साबणाचं पाणी, सगळं. तिसऱ्या दिवशी स्विच बसवायला डॅशबोर्डाखाली डोकं घातलं तर मागे गुंडाळून, टेप लावून ठेवलेल्या चार वायरी. मल्टिमीटर लावला. त्यांची दुसरी टोकं टॉवरच्या माथ्यावर, एका रबरी टोपीखाली निघाली. बोट बनवणाऱ्यांनी दिव्यांसाठी आधीच टाकून ठेवलेल्या. त्या टोपीवर पाय देऊन मी दोन दिवस उभा होतो.