क्लार्कीच्या टँकचं पाणी खारट होत चाललंय, काय चुकतंय?

कोथरूडचा खारा: तीन फुटी टँक, साधारण १८० लिटर. आठ महिन्यांपासून क्लार्की क्लाऊनफिशची जोडी आहे. गोड्या पाण्यातले मासे शाळेपासून पाळतोय, खाऱ्याचा पहिलाच प्रयोग. एप्रिल लागल्यापासून दुपारी पाणी ३१ अंशांवर जातं. आटतं म्हणून रोज दोन लिटर मिठाचं पाणी कालवून भरतो, तरी काल रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र) १.०२९! थोरला काच पुसायला हात घातला की मनगटाला चावतो. धाकटा तीन दिवस कोपऱ्यातल्या दगडाशी पर हलवत बसलाय, जेवायला तेवढा येतो. आई म्हणते, त्यांना घर नाही म्हणून चिडलेत. अ‍ॅनिमोन (क्लाऊनफिश ज्यात घर करतात तो समुद्री जीव) आणू का?

सहकारनगर काका: अहो, 'तरी' नाही, 'म्हणूनच'! आटतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. आमटी आटली की आपण वरून मीठ घालतो का? रोजच्या भरीला साधं आरओ-डीआय, म्हणजे क्षार काढून टाकलेलं गाळीव पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलं. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. आता १.०२५ वर यायला दोन-तीन दिवस घ्या, घाई केलीत तर पोवळी आधी मिटतील.

चिलरआधी (पाणी थंड करायचं यंत्र) कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे पाण्यावर तिरके लावून बघा. आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. (डोंबिवलीच्या मेहुण्याकडे तेच पंखे नुसते फिरतात.) आटणं मात्र वाढेल. झाकण काढाल तर जाळी टाका, हे मासे उडी मारतात. आणि गुरुवारी लाइट जाते, तेव्हा बॅटरीवरचा एअरपंप हवाच. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी.

नळस्टॉप रीफ: थोरला नव्हे, थोरली! क्लाऊनफिश सगळे नर म्हणून जन्मतात, जोडीतला वरचढ मादी होतो. अ‍ॅनिमोन नको. क्लार्की समुद्रात दहाही यजमान जातींच्या अ‍ॅनिमोनमध्ये राहतो हे खरं, पण टँकमध्ये त्याचं त्यावाचून अडत नाही. माझा अ‍ॅनिमोन रात्री चालत जाऊन पॉवरहेडमध्ये (पाणी फिरवायचा पंप) अडकला, सकाळी पाणी दुधासारखं. टँक वर्षाचा होऊ दे, लाइट दणकट घे, मग बघ. तो धाकटा आजारी वाटत नाही. टॉर्च घेऊन त्या दगडाची मागची बाजू बघ.

कोथरूडचा खारा: पंखे लावले, दुपारी २८.५. क्षारता आज १.०२७. आणि काकडीच्या बियांएवढंही नाही, त्याहून बारीक, केशरी दाण्यांचा रुपयाएवढा गोल पट्टा आहे दगडावर! आईला बोलावलं. ती म्हणाली, "म्हणून चावत होती बिचारी." आता काच पुसायची कशी?