तीन टेस्ट बिल्ड मशीनवरच पडतात, नोचेक लावू का?

कल्याण_स्लो:
सोसायट्यांच्या मेंटेनन्सच्या पावत्या बनवणारं पर्ल भाषेतलं एक छोटं मॉड्यूल मी सांभाळतो. रक्कम अक्षरी लिहायची, पावती क्रमांकात आर्थिक वर्ष घालायचं, बस. त्याचं डेब पॅकेज (डेबियन लिनक्सवर बसवायची फाइल) अंधेरीच्या ऑफिसातल्या बिल्ड मशीनवर बनतं. शुक्रवारी रात्री बिल्ड लाल. कोडची एक ओळ बदललेली नाही! मशीनवर पर्ल-क्रिटिकची, म्हणजे कोड लिहिण्याची पद्धत तपासणाऱ्या टूलची, नवी आवृत्ती आली आणि तिला माझी जुनी सवय खुपायला लागली. ह्या नादात शेवटची लोकल गेली ती वेगळीच.
'टी' फोल्डरमध्ये 14 टेस्ट आहेत. पडतात तीन: क्रिटिकची, डॉक्युमेंटेशनमधल्या लिंका तपासणारी आणि पावतीच्या तारखेची. लॅपटॉपवर तिन्ही पास. सरळ नोचेक, म्हणजे बिल्डमध्ये टेस्टच न चालवण्याचा पर्याय, लावू?

माहीमची_खाडी:
नोचेक लावलंत की उरलेल्या 11 पण झोपल्या. उद्या एक लाखाचे अक्षरी दहा हजार झाले की खजिनदारकाका तुम्हालाच धरणार.
'टी'मधलं सगळं मेक टेस्ट ही कमांड उचलते आणि डेबियनचं बिल्ड तीच चालवतं. फक्त आपल्यासाठीच्या टेस्ट 'एक्सटी' फोल्डरमध्ये ठेवायची पर्लवाल्यांची रीत आहे. तिथे बिल्ड आपणहून शिरत नाही. रिलीजच्या आधी प्रूव्ह ह्या टेस्ट चालवणाऱ्या कमांडला तो फोल्डर देऊन आपण चालवायच्या. मग बिल्ड-डिपेंड्समधून (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीतून) टेस्ट-पर्ल-क्रिटिकही काढा. लिंकांची टेस्ट तर तिथे पडणारच होती, बिल्ड चालू असताना नेटवर जायचं नाही हा डेबियनचा नियमच आहे.

जुना_पर्लवाला:
ऑथर_टेस्टिंग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलेलं नसेल तर टेस्ट स्किप असंही करता येतं. त्याचा अर्थ पर्लच्या टूलवाल्यांच्या 2013 च्या लँकेस्टर कन्सेन्सस ह्या सहमतीत नक्की झालाय. पण मी ते एकदा बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताच चालणाऱ्या फाइलीत, टाकून विसरलो होतो, तेव्हापासून आपला फोल्डरच बरा.

कल्याण_स्लो:
आभारी आहे. दोन हलवल्या. तारखेचीही हलवतोय, ती पण फक्त तिथेच पडते.

माहीमची_खाडी:
अहो थांबा! कुठे पडते ह्यावर ठरवू नका. ती पडली तर पॅकेज वापरणाऱ्याचं काही बिघडतं का, ते बघा. क्रिटिक रुसला तर पावती बिघडत नाही. तारखेचं तसं आहे का? बिल्ड मशीन यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागच्या वेळेवर) असेल, बघा बरं.

कल्याण_स्लो:
यूटीसीच. टेस्टमध्ये 1 एप्रिलच्या रात्री 1 वाजताची पावती आहे. त्या मशीनच्या लेखी तेव्हा 31 मार्चचे 19:30 वाजलेले असतात, म्हणून क्रमांकात मागचं आर्थिक वर्ष येतं. मी गुपचूप लोकलटाइम, म्हणजे मशीनची स्वतःची वेळ, वापरून ठेवला होता. आता तारीख एशिया-कोलकाताप्रमाणेच काढतो, टेस्ट 'टी'मध्येच आहे, बिल्ड हिरवं.
आत्ता बघितलं तर क्लायंटचा सर्व्हरही यूटीसीवर आहे. त्यांच्याकडे 1 एप्रिलच्या पहाटे ऑनलाइन मेंटेनन्स भरणारे किती निघतात, सोमवारी विचारतो. फोन करायची हिंमत आज नाही.