हाताच्या ऑपरेशननंतर व्हिडिओ बघून घरीच व्यायाम, कोणी केलाय का?

आईच्या करंगळीचा टेंडन (बोट वाकवणारी, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तळव्याच्या बाजूने कापला गेला होता, शिवून १६ दिवस झालेत. थेरपिस्टनी व्हिडिओ पाठवलेत, दुसऱ्या हाताने बोट हळूच वाकवायचं आणि मग स्वतःहून स्प्लिंटला (हाताला आधार देणाऱ्या पट्टीला) टेकेपर्यंत सरळ करायचं. पण ती व्हिडिओच्या स्पीडने करायला जाते, श्वास धरून बसते, खांदा कानापर्यंत चढतो. बोट अजून सुजलेलं आहे. बरोबर चाललंय का कसं कळणार?

> मी यातून गेलोय. व्हिडिओ आधी नुसता बघू दे, मग बंद करून तिच्या वेगाने करू दे. आणि तुम्ही तिच्या हाताचा व्हिडिओ काढून थेरपिस्टना पाठवा, माझं मनगट वाकडं होत होतं ते त्यांना त्यात दिसलं, मला स्वतःला कधीच कळलं नसतं. सूज असेल तर हात छातीपेक्षा उंच ठेवायचा, उशीवर.

> प्लीज यूट्यूबवरचे दुसरे व्हिडिओ लावू नका!! बॉल दाबायचे वगैरे तर अजिबात नाही, पहिले काही आठवडे टेंडन खूप नाजूक असतो, जोर लावला तर शिवलेलं तुटू शकतं. स्प्लिंटपण मनाने काढायचा नाही. अचानक कट्ट झाल्यासारखं वाटलं आणि बोट वाकेनासं झालं तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

> थँक्यू दोघांना, आजच व्हिडिओ काढून पाठवते. बॉल आणून ठेवला होता, उचलून ठेवला.